बादलीवरची जागा

केटल फोर्क, वेस्ट व्हर्जिनिया
१८ मे, रविवार

रॉयस,

तुझी स्मरणशक्ती मला ठाऊक आहे, म्हणून आधी ओळख करून देते. मी ऑर्फा स्टिल्टनर. तुझी आई. पुलापलीकडं हिरव्या पत्र्याचं जे घर आहे, त्यात राहते. तुझा जन्म तिथलाच. तो तुला आठवत नसेल, ते मी माफ करते, बाकीचं नाही. आणि हे पत्र लिहून घेतेय ती शेल्बी, तुझी मुलगी. वय अठरा. तिचा वाढदिवस मार्चमध्ये येतो. तुझं कार्ड एप्रिलमध्ये आलं आणि त्यावर छापलेलं होतं, 'सोळाव्या वर्षाच्या शुभेच्छा'. हिनं मला वाचून दाखवताना 'अठराव्या' म्हटलं. मला अक्षर येत नाही, म्हणून हिला वाटतं मला काहीच वाचता येत नाही.

(ही विचारते, "मॅमॉ, हेपण लिहायचं?" लिही. मी सांगायचं आणि तू लिहायचं, असं ठरलंय. मध्ये तोंड घालायचं ठरलेलं नाही.)

आता बातमी. तीन जिल्ह्यांतल्या शाळांमधून यंदा बाहेर पडणाऱ्या पोरींमधल्या निवडक पोरींचा सॉफ्टबॉलचा सामना जूनच्या दुसऱ्या शनिवारी जत्रेच्या मैदानावर आहे. शाळा संपली, पोरी निघाल्या, त्यांचं कौतुक करायचं, म्हणून हा सामना. त्यात जिंकण्याहरण्याला अर्थ नसतो, रडण्याला असतो. आपल्या बाजूनं पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, तुझी मुलगी आहे. सगळ्या खोऱ्यातून एकटी.

सामन्याआधीची रीत तू विसरला असशीलच. बाकीच्या पोरींना आईबाप हाताला धरून मैदानात आणतात. पिचर पोरींचं तसं नसतं. पिचर आपल्या घरून आपली बादली आणते, बॅटवाली उभी राहते त्या होम प्लेटमागं पालथी ठेवते, आणि अंगणात इतकी वर्षं त्या बादलीवर बसून ज्यानं तिचे चेंडू झेलले, त्याचं नाव पुकारतात. तो येऊन बसतो. ती त्याला शेवटचा एक चेंडू टाकते. बहुतेक बापच असतो. तुझ्या चुलतबहिणीच्या वेळी तुझा काका खाणीतून पाळी संपवून तसाच आला होता, काळ्या तोंडानं. झेलून झाल्यावर तोंडावर दोन पांढरे ओघळ होते.

आपल्या घरी त्या बादलीवर सहा वर्षं मी बसतेय. शेल्बीची आई नशेच्या गोळ्यांनी गेली आणि तू ट्रकनं निघून गेलास, तेव्हा ही बारा वर्षांची होती. हातात चेंडू घेऊन अंगणात उभी. कुणीतरी बसायला हवं होतं. शाळेच्या स्वयंपाकघरातली प्लास्टिकची रिकामी बादली आणली, त्यावर माझी उशी ठेवली आणि बसले. लोक हसले. हसू देत. या खोऱ्यात या पोरीचा चेंडू झेलणारी मी एकटी आहे, हे त्यांना माहीत आहे.

तर माइकवर नावं पुकारणाऱ्या बडी हॅगरकडं सगळ्या पिचर पोरींनी नावं दिली. हिनंही दिलं. तुझं.

मला काही वाटलेलं नाही. (लिही, शेल्बी. काही वाटलेलं नाही. आणि नाक पूस, कागदावर पडेल.)

तुझं झेलायचं जुनं ग्लोव्ह हिनं माळ्यावरून काढलंय. रोज तेल लावून मऊ करतेय. मी विचारलं, कशाला? म्हणते, "पप्पा विसरतील आणायला." म्हणजे स्वभाव हिला माहीत आहे, तरी हिला तूच हवायस. ये. ज्या विहिरीतून तेल काढतोस ती दोन दिवसांत आटणार नाही.

X
(ही मॅमॉची फुली. — शे.)

३ जून, मंगळवार

रॉयस,

अक्षर बदललंय हे तुझ्या ध्यानात आलं असेल. आज शेजारची वेल्मा लिहितेय. जन्मभर टपाल कचेरीत होती, त्यामुळे तुझं पत्र आलं नाही हे तिला नेहमी माझ्याआधी कळायचं. शेल्बी कामावर गेलीय, आणि जे सांगायचंय ते तिच्या हातून लिहून घेता येणार नाही.

रविवारी तू तिला फोन केलास. "येतो गं, का नाही येणार?" हे मी पलीकडून ऐकलं. तुझा आवाज लांबूनही कळतो मला, आणि त्यातला पोकळ भागही. पण त्याआधी तू बुधवारी फोन करणार होतास. केला नाहीस. ती सगळी संध्याकाळ फोन मांडीवर घेऊन पायरीवर बसली. मी म्हटलं, चल, चार चेंडू टाक, डोकं थंड होईल.

कसलं थंड! तीन नेहमीसारखे आले. चौथा कसा आला ते मला दिसलंच नाही. या पिचर पोरींचा एक चेंडू असतो, कमरेपाशी येता येता वर उसळतो. तो होता. ग्लोव्ह वर न्यायच्या आत अंगठ्यावर बसला. मी "झकास!" म्हटलं आणि आत जाऊन न्हाणीघराचं दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरनं सांगितलं, डावा अंगठा मोडलाय. शेल्बीला मी सांगितलं, वेल्माच्या गाडीच्या दारात सापडला. वेल्मानं मान हलवली. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारी बाई, माझ्यासाठी खोटं बोलली. तेही तुझ्या खात्यावर.

(मी बोलले नाही, फक्त मान हलवली. — वेल्मा)

म्हणून नीट ऐक. आता मला झेलता येत नाही. तू आला नाहीस तर मी बसेन, असं मनात होतं माझ्या. आता तीही सोय राहिलेली नाही. नाव तुझं पुकारणार, बादली तुझी, पोर तुझी.

तू येण्यापूर्वी चार दिवस कुणाकडून तरी चेंडू टाकून घे. ती आता बारा वर्षांची नाही. ग्लोव्ह पुढं नेऊ नकोस, चेंडू येऊ दे. डोळे मिटू नकोस. बादलीवर पाय फाकून बस, नाहीतर मागं पडशील आणि पोरीचा दिवस हसण्यावारी जाईल. आणि तिनं कशीही मिठी मारली तरी तिथं रडून तिला सावरायला लावू नकोस. तुझ्या बायकोच्या मातीच्या दिवशी तू तेच केलंस. बारा वर्षांची पोर तुझ्या पाठीवरून हात फिरवत होती. मी ते पाहिलं, बोलले नाही. आज बोलते.

खरं विचारशील तर तिनं तुझं नाव दिलं तेव्हा मला लागलं. सहा वर्षं थंडीत, उन्हात, गुडघे कुरकुरत असताना मी बसले, आणि मानाच्या दिवशी तुझं नाव? वेल्मा, हे लिहू नकोस.

(लिहिलंय. — वे.)

मग राहू दे. वाचू दे त्याला.

X

१५ जून, रविवार

रॉयस,

आज बापांचा दिवस. सकाळी चर्चमध्ये सगळ्या बापांना उभं केलं आणि एकेकाला केकचा तुकडा दिला. शेल्बी माझ्या शेजारी बसून छताकडं बघत होती.

वेल्मा लिहितेय. तिला बजावलंय, मी जे शब्द वापरेन ते तसेच लिही. ती देवभोळी बाई आहे, म्हणून मध्ये मध्ये नुसती रेघ दिसेल. ती रेघ तू आपल्या मनानं भर. जितकं वाईट सुचेल तितकं बरोबर असेल.

मी तुझी गाडी पाहिली.

कुंपणामागं, कणसं भाजणाऱ्याच्या पलीकडं. निळी, चिखलानं माखलेली. मला नंबराची पाटी वाचता येत नाही, पण पाटीवर गव्याचं चित्र होतं, तुझ्या तिकडच्या गाड्यांवर असतं तसं. इथल्या गाड्यांवर गवा नसतो. काचेमागं तुझी टोपी. मी वेल्माला कोपरानं ढोसलं, "आला! एवढं लांबून गाडी हाकत आला!" देवाचे आभार मानले. ते आता परत घेतले.

पिचर पोरींची पाळी आली. पहिल्या पोरीचा बाप दातांचा डॉक्टर, गोलमटोल. चेंडू झेलला आणि बादलीसकट मागं कलंडला. पाय वर. सगळं मैदान हसलं, तोही हसला, पोर धावत जाऊन त्याच्या पोटावर पडली. असं असतं ते. पडलं तरी चालतं.

मग शेल्बी. तिनं आपली बादली प्लेटमागं ठेवली. तिच्यावर तेल लावलेलं तुझं ग्लोव्ह ठेवलं, तू आलास की घालशील म्हणून. तेव्हाच मी ओरडायला हवं होतं. आपल्याकडं बादलीवर ग्लोव्ह कधी ठेवतात, हे तीन जिल्ह्यांतलं शेंबडं पोरही सांगेल. झेलणारा देवाघरी गेला असेल तर. रिकामी बादली, वर त्याचं ग्लोव्ह. पोर चेंडू टाकत नाही, जाऊन हलकेच त्यात ठेवते. गेल्या वर्षी प्रॅटच्या धाकटीनं ठेवला होता. पण शेल्बीच्या डोक्यात तू जिवंत होतास. त्यामुळे तिला ते सुचलंच नाही.

बडी हॅगरनं पुकारलं, "शेल्बीचे वडील, रॉयस स्टिल्टनर!"

कुणी आलं नाही.

पुन्हा पुकारलं. तू गाडीचं दार उघडलंस, ते मी पाहिलं. एक पाय खाली टाकलास, तोही पाहिला. मी मुठी आवळून म्हणत होते, दुसरा टाक, ———, दुसरा टाक. आणि टाकलेला पाय आत गेला. दार लागलं.

बडी टायरचा धंदा करतो, डोक्यानं बेताचा, मनानं चांगला. त्यानं बादली पाहिली, ग्लोव्ह पाहिलं, आणि त्याला वाटलं आपल्या हातून केवढी चूक झाली. त्याचा आवाजच बदलला. "मंडळी, कृपया उभे राहा. टोप्या काढा. जो बाप आज आपल्यात नाही, पण वरून आपल्या लेकीकडं बघतोय..."

सगळं मैदान उभं राहिलं, रॉयस. कणसंवाल्यानं चिमटा खाली ठेवला. दातांच्या डॉक्टरच्या अंगावर अजून माती होती, त्यानं छातीवर हात ठेवला. तुझ्या गाडीला टेकून एक म्हातारा उभा होता, तुझ्याकडं पाठ करून. त्यानं तुझ्यासाठी टोपी काढली.

आणि काचेमागं तूही काढलीस. मी पाहिलं. स्वतःच्याच मयताला टोपी काढणारा माणूस मी या वयात पहिल्यांदा पाहिला.

वेल्मा माझा दंड धरून होती. मी ओरडणार तेवढ्यात शेल्बीच ओरडली. तिला माइक लागत नाही.

"ते मेलेले नाहीत! ते तिकडं निळ्या गाडीत बसलेत!"

सगळी डोकी वळली. टोप्या अजून छातीवर. तू गाडी चालू केलीस, मागं घेतलीस, म्हातारा उडी मारून बाजूला झाला. मग नुसता फुफाटा. बडीचा माइक चालूच होता. त्यातून सगळ्यांना ऐकू आलं, "अरे देवा." कुणीतरी फिसकन हसलं. पोरीच्या आयुष्यातला मानाचा दिवस, आणि लोक हसू दाबत होते.

मी उठले. अंगठ्याचं बांधलेलं सोडायला लागले, म्हटलं हात गेला तर गेला. शेल्बीनं लांबूनच माझ्याकडं पाहून मान हलवली. नाही म्हणून. मग ती आपल्या जागेवर गेली, चेंडू हातात फिरवला आणि टाकला.

ग्लोव्ह उडून मागच्या जाळीवर आदळलं. बादली तडकली, एक टवका निघून पोरी बसतात त्या डगआउटपर्यंत गेला. आवाज असा झाला की मागं कुणाचं तरी तान्हं रडायला लागलं. हसणारे गप्प.

आणि मला काय कळलं, सांगू? सहा वर्षांत असा चेंडू माझ्याकडं एकदाही आला नव्हता. ज्यानं अंगठा मोडला तोसुद्धा याच्या निम्मा नव्हता. मी ज्या तोऱ्यात खोऱ्यातून फिरत होते, की या पोरीला झेलणारी मी एकटी, तो तोरा सगळा हिनं मला दिलेला. दान.

घरी येताना गाडीत मी विचारलं, "किती वर्षं मला फसवतेयस?"

म्हणाली, "पहिल्यापासून. तुझी बोटं बघ ना, मॅमॉ."

"आणि अंगठा?"

"गाडीच्या दारात सापडलेला अंगठा असा सुजत नाही."

"मग त्याचं नाव का दिलंस?"

तिनं गाडीची काच खाली घेतली. मग म्हणाली, "एकदा कुणालातरी पूर्ण जोरानं टाकायचा होता. आणि त्यानं झेलायला हवा होता. ते मोठे आहेत, त्यांचे हात मोठे आहेत. वाटलं, ते झेलतील."

आता हे वाच, रॉयस, आणि वेल्माच्या रेघा भरत बस. मला राग तू पळालास त्याचा नाही. पळणं तुझं जुनंच आहे. राग याचा की तू आलास. यायचं नव्हतं तर तिकडंच राहायचं होतंस. न आलेल्या बापाची सवय आम्ही तिला लावली होती, जमलंही होतं. तू दार उघडलंस. एक पाय टाकलास. तो पाय तिनंही पाहिला.

सामन्याचं तू विचारणार नाहीस, तरी सांगते. समोरच्या पोरींना तिचा चेंडू दिसलाच नाही. जिंकलो. कुणी रडलं नाही.

X

६ जुलै, रविवार

रॉयस,

हे अक्षर तुला ओळखू येईल. तुझ्या मुलीचं आहे. वेल्मा लिहायला तयार होती, पण ही म्हणाली, "दे इकडं." मी म्हटलं, मी काही मवाळ सांगणार नाहीये. म्हणाली, "सांगू नकोस." म्हणून सांगते. ही मान खाली घालून लिहितेय आणि पेन इतकं दाबून धरलंय की खालच्या कागदावरही उमटतंय.

तुझं पत्र आलं. हिनंच वाचून दाखवलं, आणि या खेपेला एकही शब्द बदलला नाही, ते मला हिच्या आवाजावरून कळलं. तू लिहितोस, "पाय उचललाच गेला नाही. इतके लोक, आणि ती इतकी मोठी झालेली. तुम्ही दोघींनी मी त्या दिवशी खरंच मेलो असंच समजा, तेच बरं."

बरं? कुणाला बरं?

मेलेला बाप फार सोपा असतो रे. त्याला फोन करायचा नसतो, त्याला तारखा लक्षात ठेवायच्या नसतात. वर्षातून एकदा कुणीतरी फुलं ठेवतं आणि सगळे त्याच्याबद्दल चांगलं बोलतात. तुला तेच हवंय. आयतं. अरे, तुझ्यासाठी एकदा टोप्या काढून झाल्या. तीन जिल्ह्यांनी काढल्या, तू स्वतः काढलीस. तेवढ्या मानात पुढची खरी वेळ येईपर्यंत भागव. मी जिवंत आहे तोवर या घरात तुला कुणी मेला म्हणणार नाही. ती सूट मिळायची नाही.

ऑगस्टमध्ये शेल्बी ओहायोला कॉलेजात जातेय. तिथल्या संघानं तिला घेतलंय. त्यांची कोच त्या शनिवारी मैदानावर होती. सगळा तमाशा तिनं पाहिला, तडकलेली बादली पाहिली. म्हणाली, "आमच्याकडं झेलायला माणसं आहेत." एवढंच. माझी पोर त्यावर जी रडली! सामन्यात रडायचं राहिलं होतं, ते सगळं निघालं.

(लिही. तू रडलीस ते मी पाहिलंय, त्या कोचनं पाहिलंय, आता यालाही कळू दे.)

तू तिथं जायचं नाहीस. गाडी घेऊन तर नाहीच. तुला फोन करायचाय की नाही ते ही ठरवेल. मी विचारलं, हिनं खांदे उडवले. नाही म्हणाली नाही, हो म्हणाली नाही. त्या खांद्यांचा अर्थ मला लागत नाही, म्हणून मी तो तुला सांगत नाही. पुढं कधी ती तुझ्याकडं चेंडू टाकेल की नाही, मला माहीत नाही. टाकलाच तर झेलायला तिथं अस, एवढंच. दोन्ही पाय जमिनीवर ठेवून.

पण तू जिवंत आहेस, तर जिवंत माणसाचं काम कर. त्या संघात प्रत्येक पोरीच्या घरून आळीपाळीनं सगळ्यांसाठी खायला येतं. कुणाची आई घरच्या पोळ्या पाठवते, कुणाचा मामा हरणाचं वाळवलेलं मांस. माझ्याकडून घेवड्याच्या बरण्या जातील. आमच्या घराची दुसरी पाळी तुझी. तुझ्याकडं मैलोन्मैल सूर्यफुलं पिकतात म्हणे. त्याच्या बिया पाठव, पोतंभर, भाजलेल्या, खारवलेल्या. मिरचीच्या नकोत, शेल्बी म्हणते तोंड आलंय. सोललेल्या तर अजिबात नकोत, सालासकट हव्यात, कारण या पोरी खेळताना त्या दाढेखाली धरतात आणि सालं थुंकत बसतात. आणि पोत्यावर तुझं नाव घाल, मोठ्या अक्षरात, पुसट नको. थुंकताना कुणाचं नाव घ्यायचं ते सगळ्या संघाला कळायला हवं.